कोऱ्या पानावर काय लिहिले आहे?

वाचकहो, गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी वंदना झाल्यावर तासभर वाचनाचा कार्यक्रम असतो. कोणी वर्तमानपत्रातला लेख वाचतो, कोणी ग्रंथातला उतारा वाचतो, मग त्यावर चर्चा होते. एका रविवारी आम्ही एक इंग्रजी कादंबरी नेली आणि तिची शेवटाकडची पाने उघडून मंडळींपुढे ठेवली. एका पानावर जेमतेम पाच-सहा शब्द, तेही विस्कटलेले, पोराने मुरमुरे सांडावेत तसे. पुढचे पान त्याहून रिकामे. आणि त्यापुढे कोरे करकरीत पान. बारावीत शिकणारा एक मुलगा म्हणाला, "काका, छपाई चुकलीय. बदलून घ्या." आमचे एक स्नेही बसवर वाहक आहेत, ते म्हणाले, "आमच्या पोरांना वह्या घ्यायच्या तर दहादा विचार करावा लागतो, आणि ह्या साहेबांना कागद फुकट घालवायला परवडतो!"

सगळे हसले. आम्हीही हसलो. कारण हे पुस्तक पहिल्यांदा हाती आले, तेव्हा फुटपाथवरच्या विक्रेत्याला आम्ही तेच पान दाखवून माल खराब आहे असे सांगितले होते आणि वीस रुपये कमी करून घेतले होते. त्याने बिचाऱ्याने निमूटपणे केलेही. आज त्या वीस रुपयांचे आम्हाला वाईट वाटते, कारण माल खराब नव्हता. लेखकाने ती पाने तशीच छापायला सांगितली होती.

त्या कादंबरीचे नाव 'हाउस मदर नॉर्मल', साल 1971, आणि लेखक बी. एस. जॉन्सन. हा लेखक आम्हाला का भावला ते आधी सांगितले पाहिजे, नाहीतर वाचकांना वाटेल की आमचा कारकून कुठून तरी विलायती फॅशन उचलून आला.

जॉन्सन यांचा जन्म 1933 सालचा, लंडनमधल्या हॅमरस्मिथ भागात. घराणे कामकऱ्यांचे. वडील पुस्तकांच्या गोदामात साठा सांभाळण्याच्या नोकरीत, आईही कष्टाची कामे करणारी. महायुद्धात बॉम्बच्या भीतीने लंडनमधली मुले बाहेरगावी पाठवली गेली, त्यांत हेही होते. अकराव्या वर्षी तिकडे जी परीक्षा असे, तीत नापास झाले. त्या काळी ह्या एका परीक्षेवर मुलाचे पुढचे आयुष्य ठरत असे. पास झालेला विद्यापीठाच्या वाटेला लागायचा, नापास झालेला कामधंद्याच्या. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि जॉन्सन हिशेबखात्यात कारकून झाले, बँकेतही राहिले. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी लॅटिनचा अभ्यास, असे करत करत विशी ओलांडल्यावर ते लंडनच्या किंग्ज कॉलेजात पोहोचले. रात्रशाळेतून वर आलेली माणसे आपल्या समाजाला नवी नाहीत. आम्ही स्वतः बी.कॉम. नोकरी करतच पूर्ण केले. त्यामुळे हा गृहस्थ आम्हाला परका वाटला नाही.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते. गोष्ट सांगण्याचे काम आता सिनेमा जास्त चांगले करतो. मग कादंबरीने काय करावे? जे फक्त पुस्तकाच्या पानालाच जमते ते करावे. माणसाच्या डोक्यात काय चालले आहे ते दाखवावे. आणि त्यासाठी पानाची मांडणी मोडावी लागली तर मोडावी. टीकाकार याला चमत्कृती म्हणाले, तेव्हा ते चिडत.

पान वाचणे आपल्याला नवे नाही

आमच्या रविवारच्या मंडळींचा आक्षेप होता की असली पुस्तके शिकलेल्या, सवड असलेल्या लोकांसाठी असतात. आम्हाला नेमके उलटे वाटते. ज्याने उभ्या जन्मात रजिस्टर हाताळले आहे, त्याला पानावरच्या जागेचा अर्थ प्राध्यापकापेक्षा लवकर कळतो. खतावणीत पाचशेचा आकडा डाव्या हाताला पडला तर नावे, उजव्या हाताला पडला तर जमा. आकडा तोच, पण बाजू बदलली की माणसाची झोप उडते. हजेरीपटावरच्या रिकाम्या चौकोनात काही लिहिलेले नसते, तरी महिनाअखेरीस पगार घेताना बाईला बरोबर कळते की तिथे एक रोज बुडाला आहे. तिला 'हे वाच' म्हणून कोणी शिकवलेले नसते.

म्हणून आम्ही मंडळींना आधी जॉन्सन यांची कारकुनाचीच कादंबरी सांगितली. 'ख्रिस्टी माल्रीज ओन डबल-एंट्री' ही 1973 साली निघाली. ख्रिस्टी हा साधा तरुण. त्याला पैसा हवा असतो, म्हणून पैसा जिथे असतो तिथे जावे या हिशेबाने तो बँकेत चिकटतो. तिथे जमत नाही. मग तो मिठाईच्या एका कारखान्यात बिले करण्याच्या टेबलावर बसतो आणि फावल्या वेळात हिशेबाचा अभ्यासक्रम करतो. त्यात त्याला द्विनोंदी पद्धत भेटते. प्रत्येक व्यवहाराच्या दोन नोंदी, एक नावे आणि एक जमा, हा नियम. 1494 साली व्हेनिस शहरात छापलेल्या ग्रंथात लुका पाचोली नावाच्या इटालियन भिक्षूने ही पद्धत मांडली, हे बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आपण वाचलेले असते. त्या पाचोलीची वचने जॉन्सन यांनी कादंबरीतही घातली आहेत.

ख्रिस्टीला वाटते, हा नियम आयुष्याला का लावू नये? जगाने आपल्याला जो त्रास दिला तो एका बाजूला आणि आपण जगाकडून जी भरपाई वसूल केली ती दुसऱ्या बाजूला. एका मोठ्या इमारतीमुळे फुटपाथवर त्याला चालायला अडचण होते, तर तो नाण्याने त्या इमारतीच्या दगडावर ओरखडा काढतो. झाली भरपाई! आणि कादंबरीच्या प्रत्येक भागाच्या शेवटी हा हिशेब खरोखरच खात्याच्या रूपात छापलेला आहे. वर शीर्षक, खाली दोन बाजू, रकाने, पौंड-पेन्स, पुढे ओढलेली बाकी, सगळे रीतसर. एका बाजूला ख्रिस्टी, दुसऱ्या बाजूला 'ते'. 'ते' म्हणजे कोण हे सांगायची गरज त्याला वाटत नाही. वाचकालाही पडत नाही.

आम्ही ही पाने कशी वाचली ते प्रामाणिकपणे सांगतो. पहिले खाते आले तशी हातात पेन्सिल घेतली आणि बेरीज तपासू लागलो. सवय! साहेबाच्या उर्मटपणाला किती, पगारातल्या तुटीला किती, असे भाव लावलेले पाहून मजा वाटत होती. आमच्याही मनात दोन-चार नोंदी तयार होऊ लागल्या होत्या. काही नोंदी तर पिढ्यान्‌पिढ्या पुढे ओढत आणलेल्या. अशा रीतीने खुशीत पुढे गेलो आणि शेवटाकडच्या खात्यात एक नोंद आली. ख्रिस्टीने पश्चिम लंडनच्या पाण्यात विष कालवलेले असते. भरपाईच्या बाजूला लिहिले आहे, 20,479 माणसांचा मृत्यू, दर माणशी 1 पौंड 30 पेन्स, एकूण 26,622 पौंड 70 पेन्स. आम्ही गुणाकार केला. बरोबर आला. बरोबरची खूणही केली. आणि मग पेन्सिल तशीच हातात राहिली.

वाचकहो, ती खूण अजून आमच्या प्रतीत आहे. लेखकाने तिथे एक शब्दही उपदेशाचा लिहिलेला नाही. साध्या गद्यात 'त्याने हजारो माणसे मारली' असे लिहिले असते, तर आम्ही ताबडतोब ख्रिस्टीपासून चार हात लांब उभे राहिलो असतो. पण पान खतावणीचे होते, आणि खतावणी समोर आली की आम्ही फक्त बेरीज बघतो. त्याच खात्यात 'त्यांच्या' नावे टाकलेली सर्वांत मोठी रक्कम कशाची आहे? समाजवादाला संधीच दिली गेली नाही, याची. तीन लाख अकरा हजार तीनशे अठ्ठ्याण्णव पौंड! म्हणजे माणूस विचारांनी आपल्याच बाजूचा दिसतो, आणि माणसाची किंमत मात्र सव्वा पौंडाच्या आसपास लावतो. शेवटी ख्रिस्टी कॅन्सरने मरतो. उरलेली बाकी बुडीत खाती टाकली जाते आणि खाते बंद. ज्या कार्यकर्त्यांना मोर्चाच्या रात्री झोप येत नाही, त्यांनी हे पुस्तक जरूर वाचावे.

जुनी वाट

पानाशी असे खेळण्याची कल्पना जॉन्सन यांची स्वतःची नव्हे. इंग्लंडमध्येच 1759 ते 1767 या काळात लॉरेन्स स्टर्न या पाद्र्याने 'ट्रिस्ट्राम शँडी' ही कादंबरी नऊ खंडांत काढली. तीत एक पात्र मरते तेव्हा पान पूर्ण काळे छापलेले आहे. पुढे एका खंडात एका बाईचे वर्णन करण्याऐवजी पान कोरे सोडले आहे आणि वाचकालाच सांगितले आहे की, बाबा रे, तुझ्या मनातली सुंदर बाई तूच काढून घे. जॉन्सन यांनी आपल्या 1963 सालच्या पहिल्या कादंबरीत हे काळे पान उसने घेतले, पण एक पायरी वाढवून. म्हाताऱ्याला हृदयविकाराचा झटका येतो, तेव्हा पान आधी करडे होते आणि मरण आले की काळे.

त्यांच्या दुसऱ्या कादंबरीत, 1964 सालच्या 'अल्बर्ट एंजेलो'मध्ये, दोन पानांना चक्क भोक आहे. चौकोनी खिडकीसारखे कापलेले. त्या खिडकीतून पुढच्या पानावरच्या ओळी दिसतात आणि त्यांत सुरा आहे, मरण आहे. नायक बदली शिक्षक, वर्गातली पोरे दांडगी. वाचकाला वाटते, संपला आता हा. धडधडत्या छातीने पान उलटावे तर तो मजकूर 1593 साली मारल्या गेलेल्या ख्रिस्टोफर मार्लो या कवीबद्दलचा निघतो! पुढचे आपल्याला दिसले असे वाटते आणि अर्धवट दिसल्यामुळे आपण फसतो. ह्याच पुस्तकात वर्ग चालू असताना पानाचे दोन रकाने केले आहेत. डावीकडे शिक्षक मोठ्याने काय बोलतो ते, उजवीकडे तो मनात काय म्हणतो ते. कार्यालयातल्या बैठकीत साहेबापुढे बसून 'होय सर' म्हणणाऱ्या कोणालाही हा उजवा रकाना समजावून सांगायला नको.

आणि आपल्या घरातलेच उदाहरण हवे असेल, तर 'भीमायन' आहे. ती कादंबरी नव्हे, चित्रांतून सांगितलेले बाबासाहेबांचे चरित्र आहे. 2011 साली ते दिल्लीच्या नवयानने इंग्रजीत काढले. चित्रे काढली ती दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंत दांपत्याने, शब्द श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे. चित्रकथेत असतात तसे चौकोन काढायला व्याम दांपत्याने नकार दिला. माणसांना पेटीत कोंडायचे नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्याकडे भिंतीवर-जमिनीवर जी दिग्ना नावाची नक्षी काढतात, तिच्या वळणांनी पाने विभागली आहेत. आणि बोलण्याचे फुगे पाहा. गोड, मवाळ बोलणाऱ्याचे शब्द पक्ष्याच्या आकारात आणि जातीचे विष ओकणाऱ्याचे शब्द विंचवाच्या नांगीच्या फुग्यात. आमची धाकटी मुलगी तेव्हा वाचायलाही शिकलेली नव्हती. पण पाने उलटताना नांगी दिसली की ती म्हणायची, "हा वाईट बोलतोय." तेव्हा पान वाचण्यासाठी पदवी लागते हा समज काढून टाकावा.

एकवीस पाने

आता पुन्हा त्या कोऱ्या पानाकडे येऊ. 'हाउस मदर नॉर्मल' ही एका वृद्धाश्रमातली एका संध्याकाळची गोष्ट आहे. आश्रमात आठ म्हातारी माणसे आणि त्यांच्यावर एक देखरेख करणारी बाई, तीच हाउस मदर. प्रत्येकाला बरोबर एकवीस पाने दिलेली. जेवण, गाणे, हातकाम, खेळ, अशी तीच संध्याकाळ आठ जण आपापल्या मनात जगतात. आणि कसब असे की एखादी गोष्ट एकाच्या सातव्या पानावर ज्या ओळीत घडते, त्याच ओळीत ती दुसऱ्याच्याही सातव्या पानावर घडते. तेव्हा हे पुस्तक दोन तऱ्हांनी वाचता येते. एकाची एकवीस पाने सलग वाचावीत, किंवा प्रत्येकाचे सातवे पान काढून एकाशेजारी एक लावावे. आम्ही हाताची बोटे पानांत अडकवून बसायचो. चार बोटे, चार माणसे.

प्रत्येकाच्या आरंभी दवाखान्यातल्या केसपेपरसारखा तक्ता आहे. वय किती, दृष्टी किती टक्के, ऐकू किती टक्के येते, दुखणी कोणती. आणि शेवटी एक आकडा. म्हातारपणी बुद्धी किती शाबूत आहे हे पाहायला दहा ठराविक प्रश्न विचारतात, त्यांपैकी किती बरोबर आले तो आकडा. पहिली सारा लॅमसन, वय 74, तिला दहापैकी दहा. तिची पाने गच्च भरलेली. पुढे एकेकाचा आकडा उतरत जातो आणि तसतशी पानावर पांढरी जागा वाढत जाते. वाक्ये तुटतात. शब्दांमध्ये खिंडारे पडतात. शेवटची रोझेटा स्टँटन, वय 94. दहापैकी शून्य. तिच्या पानांवर इकडेतिकडे विखुरलेले शब्द आहेत, तेही वेल्श भाषेतले. म्हणजे म्हातारी इंग्रजी विसरली आणि तिच्यापाशी फक्त तिकडची बोली उरली. आम्ही विहारात जी पाने दाखवली ती तिची.

आता जरा घरचे सांगावे लागेल. आमची आई गावाहून मुंबईत आली ती लग्न होऊन. अक्षरओळख नव्हती. सव्वीस वर्षे तिने पुस्तकबांधणीच्या एका कारखान्यात काम केले. छापून आलेल्या मोठ्या कागदाच्या घड्या घालायच्या, फर्मे एकावर एक क्रमाने लावायचे, खराब पान दिसले की बाजूला काढायचे. वाचता येत नसून क्रम तिचा कधी चुकला नाही. पानाच्या कडेला छापलेल्या खुणा ती ओळखायची. आमच्या शाळेच्या पुस्तकांना तिने घरीच टाके घातले आहेत.

2016 साली तिचे विसरणे सुरू झाले. आधी किल्ल्या, मग नावे, मग घराचा रस्ता. एका रुग्णालयात नेले तेव्हा तरुण डॉक्टरांनी असेच प्रश्न विचारले. आज वार कोणता? साल कोणते? पंतप्रधान कोण? आई त्यांच्याकडे बघून म्हणाली, "सायेब, तुमाला ठावं न्हाई व्हय?" डॉक्टर हसले आणि त्यांनी कागदावर आकडा लिहिला, दहापैकी दोन. डॉक्टरांचा दोष नाही, ते त्यांचे कामच होते. पण ज्या बाईने उभ्या आयुष्यात तारीख कॅलेंडरात पाहिली नाही, पगाराचा दिवस आणि पौर्णिमा एवढ्यावर महिना मोजला, तिला साल विचारून काय कळणार, असा प्रश्न आमच्या मनात तेव्हाही आला होता. विचारायचे धाडस झाले नाही.

पुढे ती बोलेनाशी झाली. दोन-तीन दिवसांतून एखादा शब्द. आम्ही धरून चाललो की आत आता काही नाही. आणि एकदा असे धरले म्हणजे माणूस कसा वागतो ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. तिच्या खाटेशेजारी बसून आम्ही खर्चाचा हिशेब करायचो. भाऊ आला की तिला गावी ठेवायचे की इथे, यावर तिच्यासमोर वाद घालायचो. "हिला काय कळतंय आता," हे वाक्य आमच्याच तोंडचे आहे. आमच्या सहचारिणीने एकदोनदा टोकले, तर तिलाच गप्प केले.

हे पुस्तक आम्ही तिच्या खाटेजवळच वाचत होतो, रात्री, शब्दकोश मांडीवर घेऊन. एकेक करत रोझेटा स्टँटनपाशी आलो. विखुरलेल्या शब्दांचे पान, मग तसलेच पान. कंटाळून भराभर उलटत होतो. आणि मध्येच शब्द जुळायला लागतात. तुटक तुटक, पण अर्थ लागतो. ती म्हातारी सांगत असते की मला तुमचे सगळे ऐकू येते आहे, मी माझ्यातच कैद झाले आहे, मला बाहेर काढा. एवढे होते न होते तोच पुन्हा पांढरे. आणि मग पाने कोरी. ती मेली असावी असे आपण समजायचे. आणि आश्रमातल्या कोणालाही तिचे ते बोलणे ऐकू गेलेले नाही, कारण ते फक्त तिच्या पानावर आहे. बाकी सगळ्यांची तेवढीच पाने उघडून पाहा, तिथे खेळ चालू आहे, खाणे चालू आहे.

आम्ही पुस्तक मिटले. आई जागी होती. छताकडे बघत होती.

तिला सगळे समजत होते असा दावा आम्ही करत नाही. कादंबरी म्हणजे वैद्यकीय दाखला नव्हे. पण त्या दिवसापासून तिच्यासमोर हिशेब बंद झाला. खर्चाचे बोलणे गॅलरीत जाऊन होऊ लागले. आणि तिच्याशी बोलणे सुरू झाले, उत्तराची वाट न बघता. एकदा ते पुस्तक तिच्या हातात दिले. तिने वाचायचा प्रश्नच नव्हता, पण कागद हाताला लागला तशी तिने कडा गुडघ्यावर ठोकून सारख्या केल्या आणि अंगठ्याच्या नखाने घडीवरून रेघ ओढली. मग कोऱ्या पानापाशी थांबून म्हणाली, "कोरं गेलंय. काढ." त्या आठवड्यातला तेवढाच शब्द. आम्ही म्हणालो, "आई, ते तसंच असतंय." तिला काही ते पटलेले दिसले नाही. 2019 च्या फेब्रुवारीत ती गेली.

पुस्तकाबद्दल आमची एक तक्रारही आहे. शेवटी हाउस मदरला तिची एकवीस पाने मिळतात. आठ जणांच्या पानांवर जे क्रूर वाटले, ते सगळे त्यांच्या भल्यासाठीच कसे केले, हे ती मोठ्या तोऱ्यात सांगते. पुडके फिरवण्याच्या खेळात म्हाताऱ्यांच्या हाती कुत्र्याची घाण येते, तीही म्हणे त्यांच्या विरंगुळ्यासाठी. काही पाने तर या कुटुंबाच्या पानावर सांगण्यासारखीही नाहीत. इथवर ठीक आहे. असे तोरे आपण संस्थांच्या अहवालांतून पाहतोच. पण जॉन्सन यांनी तिला नियम मोडून एक बाविसावे पान दिले आणि तिथे तिच्याकडून वदवले की मी लेखकाच्या हातातली बाहुली आहे. विद्वानांना हे आवडते म्हणतात. आम्हाला ती खोडी वाटली. रोझेटाच्या कोऱ्या पानांनंतर लेखकाने स्वतःचे डोके मध्ये आणायला नको होते.

सत्तावीस चोपड्या

रविवारच्या मंडळींना आम्ही आईचे सांगितले नव्हते. पुस्तकाचेच सांगितले. वाहक मित्र ऐकून गप्प बसले आणि मग म्हणाले, "दुसरे एखादे आणा. पण एवढे रडके नको."

आमच्याकडे दुसरे होते, पण तेही हसवणारे नव्हते. एका स्नेह्याने लंडनहून आणून दिलेले 'दि अनफॉर्च्युनेट्स'. हे 1969 सालचे. पुस्तक नाहीच ते, खोका आहे. आत सत्तावीस सुट्या चोपड्या. एकीवर 'पहिली', एकीवर 'शेवटची' असे लिहिले आहे. उरलेल्या पंचवीस वाचकाने पिसून कशाही क्रमाने वाचाव्यात. काही बारा पानांपर्यंतच्या, एखादी एका परिच्छेदाची. पंचवीस चोपड्यांचे क्रम किती होतील, हे आम्ही गुणाकार करून पाहिले. उत्तर सव्वीस आकडी आले, आणि कॅल्क्युलेटरने हात टेकले.

प्रकार असा की जॉन्सन हे वर्तमानपत्रासाठी फुटबॉल सामन्यांची वार्तापत्रेही लिहायचे. एका शनिवारी एका शहरात सामन्यासाठी उतरले आणि स्टेशनाबाहेर आल्यावर त्यांच्या लक्षात आले, अरे, हे तर टोनीचे शहर. टोनी हा त्यांचा जिवलग मित्र, एकोणतिसाव्या वर्षी कॅन्सरने गेलेला. मग दिवसभर सामना एकीकडे आणि आठवणी एकीकडे. आठवणी काही तारीखवार येत नाहीत. म्हणून त्यांनी त्या शिवल्याच नाहीत, सुट्या ठेवल्या. हंगेरीत हे पुस्तक निघाले तेव्हा मात्र ते बांधूनच काढले गेले. आमच्या आईला हा खोका दाखवला असता तर ती काय म्हणाली असती ते आम्हाला ठाऊक आहे: शिवायचं ऱ्हायलंय.

जॉन्सन यांनी 1973 च्या नोव्हेंबरात, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, आपले जीवन स्वतःच संपवले. जोनाथन को या कादंबरीकाराने 2004 साली त्यांचे मोठे चरित्र लिहिले. पुस्तके पुन्हा छापली गेली, म्हणून तर ती फिरत फिरत फुटपाथपर्यंत आली.

विहारात आम्ही एक केले. पहिली चोपडी सर्वांसमोर वाचली, अर्थ सांगितला. उरलेल्या पंचवीस वाटून टाकल्या. ज्यांना इंग्रजी जमते त्यांनी स्वतः वाचायची, ज्यांना जमत नाही त्यांनी घरातल्या मुलांकडून वाचून घ्यायची आणि पुढच्या रविवारी येऊन आपल्या चोपडीत काय होते ते सांगायचे. क्रम ठरवला नाही. जो आधी येईल तो आधी बोलेल. त्यामुळे एकाने टोनीच्या अंत्यविधीचे सांगितले आणि त्यानंतर उशिरा आलेल्या एका ताईंनी टोनीच्या घरातल्या हसण्या-खिदळण्याचे. ताई सांगत होत्या आणि सगळे खाली बघत होते, कारण तो गेलेला आहे हे बाकीच्यांना कळून चुकले होते आणि ताईंच्या चोपडीत ते नव्हते. बारावीतला मुलगा हळूच म्हणाला, "काका, त्यांना सांगू नका."

पुढच्या महिन्यात चोपड्या परत गोळा केल्या. चोवीस आल्या. एक वाहक मित्रांकडे आहे. दोनदा मागितली, तर म्हणाले, "राहू द्या हो अजून थोडे दिवस." त्यांचा धाकटा भाऊ चार वर्षांपूर्वी टाटा हॉस्पिटलमध्ये उपचार चालू असताना गेला. आम्ही पुन्हा मागितलेली नाही.